तुळशीत भांग: दारातली तुळस आणि मोबाईलवरचे फॉरवर्ड

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांच्यासाठी ही त्याची लिखित आवृत्ती. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी थेट वाचलं तरी काही बिघडत नाही. बोलताना दोन-तीन गोष्टी घाईत निघून जातात, त्या इथे जरा नीट मांडल्यात.

आजचा विषय तुळस. तुम्ही म्हणाल, तुळशीवर काय ऐकायचं? ती तर दारातच आहे. बरोबर. आमच्या औशातही तुळस नसलेलं अंगण शोधावं लागतं. अंगण गेलं, फ्लॅट आला, तरी बाल्कनीत एक कुंडी असतेच. आणि पावसाळा सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर तुळस अंगणापेक्षा जास्त दिसायला लागते. 'तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते.' 'तुळशीचं पान चावू नका, त्यात पारा असतो.' 'दारात तुळस लावा, डास येणार नाहीत.' आणि सगळ्यात जास्त फिरणारा: 'डेंग्यू झाला तर घाबरू नका, तुळशीचा काढा प्या.'

मराठीत 'तुळशीत भांग' असा एक शब्दप्रयोग आहे. चांगल्यांच्या मधे एखादं वाईट निघालं की तो वापरतात. तुळशीबद्दलच्या माहितीचंही तसंच झालंय. पिढ्यान्‌पिढ्या वापरून आलेली खरी माहिती आहे आणि तिच्याच वाफ्यात फॉरवर्डची भांग उगवलीय. दोन्ही हिरवं दिसतं, त्यामुळे ओळखायचं कसं हा प्रश्न. शेवटच्या फॉरवर्डमध्ये तर माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून हा भाग केलाय.

तुळस नक्की कोण?

आधी ओळख पटवू. तुळशीची एक काडी घ्या आणि दोन बोटांत फिरवून बघा. ती गोल लागणार नाही, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते. मंजिरीतलं एक फूल जवळून बघितलं तर त्याला वरचा आणि खालचा असे दोन ओठ दिसतात. चौकोनी काडी, समोरासमोर पानं, ओठांसारखं फूल आणि चोळल्यावर वास: या चार खुणा एकत्र आल्या की रोप बहुतेक वेळा एकाच कुळातलं निघतं. शास्त्रीय नाव लॅमिएसी. इंग्रजी पुस्तकं याला पुदिन्याचं कूळ म्हणतात, आपण तुळशीचं म्हणू. जगभरात या कुळात सुमारे सात हजार जाती आहेत.

आपल्या रोजच्या जगण्यात यातले बरेच जण आहेत. चटणीतला पुदिना, गजऱ्यातला मरवा, कुंडीत लावतात तो जाड पानांचा पानओवा आणि उन्हाळ्यात सरबतात टाकतो तो सब्जा, हे सगळे तुळशीचे भाऊबंद. गंमत म्हणजे खरा ओवा या घरातला नाही, तो कोथिंबिरीच्या कुळातला. वासाने मरव्याच्या शेजारी बसणारा दवणाही वेगळा, तो सूर्यफुलाच्या कुळातला. नुसत्या वासावरून नातं ठरवता येत नाही, काडी आणि फूल बघावं लागतं.

आता दारातली तुळस. तिचं शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम. तुम्ही कुठे ऑसिमम सँक्टम वाचलं असेल, तर तीही हीच. कार्ल लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये पहिलं नाव दिलं आणि १७६७ मध्ये त्यानेच दुसरं दिलं. डेटाबेसमध्ये एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्यावर आपण जुनी ठेवून नवी तिला जोडतो. वनस्पतिशास्त्राचा नियमही तोच, जुनं नाव टिकतं. 'सँक्टम' म्हणजे पवित्र. हे नाव मागे पडलं तरी औषधांच्या बाटल्यांवर अजून दिसतं.

काळी तुळस म्हणजे कृष्ण तुळस आणि हिरवी म्हणजे राम किंवा श्री तुळस. या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, जांभळालाही त्याच प्रकारच्या द्रव्यांनी रंग येतो. गोंधळ पुढे होतो. 'राम तुळस' हे नाव काही ठिकाणी ऑसिमम ग्रॅटिसिमम या उंच, मोठ्या पानांच्या वेगळ्या जातीलाही देतात. कापूर तुळस आणखी वेगळी, तिचं मूळ पूर्व आफ्रिकेत आणि तिच्या पानात खरोखर कापूर असतो. एकाच नावाचे दोन व्हेरिएबल असले की प्रोग्राम कुठे ना कुठे फसतोच. घरगुती औषधाचंही तसं आहे. 'तुळशीचा रस' म्हणताना कुठली तुळस, हे आधी विचारायला हवं.

वास येतो कुठून?

तुळशीचं पान नुसतं जवळ धरलं तर वास मंद येतो, चोळलं की एकदम भरून येतो. याचं कारण पानाच्या पृष्ठभागावर आहे. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत सुगंधी तेल साठलेलं असतं. चोळलं की त्या फुटतात आणि तेल हवेत उडतं. झाड हे तेल आपल्यासाठी करत नाही. पान कुरतडणारे किडे आणि बुरशी यांच्यापासून वाचण्याची ती त्याची सोय आहे. आपण त्याच तेलाचा उपयोग करून घेतो.

या तेलातलं महत्त्वाचं द्रव्य युजेनॉल. ते तुम्हाला ओळखीचं आहे. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग तेच असतं आणि दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो खास वास येतो त्यातही ते असतं, कारण दातातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये झिंक ऑक्साईडबरोबर युजेनॉल वापरतात. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगते आणि डेंटिस्ट युजेनॉल भरतो. दोघांचं औषध एकच. तुळशीत युजेनॉलखेरीज मिथाइल युजेनॉल, कॅरिओफिलीन अशी इतर द्रव्यंही असतात. कुठलं किती, हे रोपाचा वाण, माती, ऋतू आणि पानाचं वय यावर बदलतं. शेजारच्या दोन अंगणांतल्या तुळशींचा वास वेगळा लागतो तो त्यामुळेच.

२०१५ मध्ये आपल्याच देशातल्या दोन गटांनी तुळशीच्या जीनोमचा मसुदा प्रसिद्ध केला. एक गट लखनौच्या सीमॅप या संस्थेचा, दुसरा बेंगळुरूच्या एनसीबीएसचा. ही द्रव्यं झाड कुठल्या जनुकांच्या जोरावर तयार करतं, ते शोधायला त्यातून मदत झाली. म्हणजे तुळशीत काहीतरी आहे, हे फक्त श्रद्धेवर सोडलेलं नाही. प्रश्न एवढाच, की ते किती आहे आणि आपल्या कपापर्यंत किती पोचतं.

ताज्या पानात सुगंधी तेल वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतं. त्यात आपण काय करतो? उघड्या पातेल्यात पानं टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळत बसतो. घरभर वास सुटतो आणि सगळ्यांना वाटतं काढा भारी झालाय. प्रत्यक्षात तो वास म्हणजे कपात यायचं तेल हवेत चाललंय. कारखान्यात तुळशीचं तेल काढतात तेच मुळी वाफेवर, वाफेबरोबर तेल उडतं आणि ती थंड करून गोळा करतात. म्हणून वास टिकवायचा असेल तर साधी युक्ती: आलं, मिरी, दालचिनी आधी उकळून घ्या, गॅस बंद करा, मग तुळशीची पानं चुरडून टाका आणि पाच-सात मिनिटं झाकण ठेवा. बघा चवीत किती फरक पडतो.

आपल्याकडे तुळस काय काय करते

तुळशीचे वापर म्हटलं की आपण लगेच खोकल्यावर येतो. पण आपल्या भागात तिचं काम त्याहून मोठं आहे.

पंढरपूरच्या वारीत बायका डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चालतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. गळ्यात तुळशीची माळ घातली की माणूस माळकरी झाला. मग मांस-मच्छी, दारू बंद आणि एकादशी चालू. या माळेचे मणी तुळशीच्या वाळलेल्या खोडाचे असतात. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या माळा करत आली. विठ्ठलाला तुळशीचा हार आणि मंजिरी लागतातच. त्यामुळे पंढरपूरच्या आसपास तुळस हे शेतात घ्यायचं पीक आहे आणि त्यावर घरं चालतात. औशाला तर नाथ संस्थानामुळे आणि तिथल्या चक्रीभजनाच्या परंपरेमुळे पंढरपूर कधी लांब वाटलंच नाही.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचं लग्न लागतं. वृंदावनाला उसाचा मांडव, आत चिंचा आणि आवळे. बघा, त्या दिवसांत शेतात आणि झाडावर नेमकं हेच आलेलं असतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना मोकळीक. भाषेतही ती आहेच. दान देताना वस्तूवर तुळशीचं पान ठेवून हक्क सोडायचा, त्यावरून 'घरादारावर तुळशीपत्र ठेवणं' हा वाक्प्रचार आला. स्वातंत्र्यसैनिकांबद्दलच्या भाषणात तुम्ही तो ऐकला असेल.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची रीत आपल्या लातूर जिल्ह्यात वेगळीच वाटते, कारण इथे पाण्याचा हिशेब तांब्यावर चालतो. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा टँकर, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. तसल्या उन्हाळ्यातही घरोघरच्या तुळशी जगल्या. कशा? तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी तिच्या वाट्याला ठेवून. देवाला उष्टं चालत नाही म्हणणारी माणसंही झाडाला तहानलेलं ठेवत नव्हती. पाणी दोनदा वापरायचं, हे आपल्याकडे कुणी पोस्टर लावून शिकवलेलं नाही.

तुळशीचे नियमही बघा. संध्याकाळनंतर पान तोडायचं नाही, द्वादशीला तोडायचं नाही, नखाने खुडायचं नाही. मागचं कारण धार्मिक सांगतात, पण परिणाम असा होतो की घरातल्या सात-आठ माणसांच्या हातून एक छोटं झुडूप ओरबाडलं जात नाही.

आता औषधाचं. सर्दी-खोकल्यात तुळस, आलं आणि मध, हा आपला घरोघरचा उपाय. त्यातलं गरम पाणी घशाला आराम देतं, मधाचा खोकल्यावर थोडा फायदा होतो असं अभ्यासांतही दिसलंय आणि तुळशीने चव येते, नाक जरा मोकळं वाटतं. साध्या सर्दीला इतकं पुष्कळ आहे, कारण सर्दी तशीही आठवड्यात जाते. फक्त एक लक्षात ठेवा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, चाटवायचाही नाही. मधात बॉट्युलिझमचे जिवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात. मोठ्यांचं पोट ते सांभाळतं, बाळाचं सांभाळत नाही.

सब्जा की चिया?

तुळशीचा एक भाऊ सध्या रील्सवर गाजतोय, म्हणून त्याचं दोन मिनिटांत सांगतो. सब्जा हे ऑसिमम बॅसिलिकम या रोपाचं बी. इटलीतल्या पेस्टो सॉसमध्ये घालतात ती बेझिलची पानं याच जातीची. चिया म्हणजे साल्व्हिया हिस्पॅनिका, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. कूळ दोघांचं एकच, पण रोपं वेगळी. सब्जा काळा कुळकुळीत असतो, चियाच्या बियांवर राखाडी-तपकिरी नक्षी असते. पाण्यात टाकल्यावर सब्जा काही मिनिटांत फुगतो आणि प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती पारदर्शक गोळा दिसतो. चियाला जास्त वेळ लागतो.

हा गोळा म्हणजे बियांच्या सालीतला तंतुमय चिकट पदार्थ, तो पाणी धरून ठेवतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बियांना हीच सोय: पाऊस पडला की ओल अंगाला चिकटवून रुजायचं. आपण तेच लिंबू सरबतात घालून पितो. पोट साफ व्हायला त्याने मदत होते. पण कोरडा सब्जा तोंडात टाकून वरून पाणी पिऊ नका, तो घशात फुगू शकतो. आधी भिजवा, मग प्या.

आता भांग उपटू

पहिली: चोवीस तास ऑक्सिजन. झाड ऑक्सिजन सोडतं ते प्रकाश असताना. रात्री ते आपल्यासारखंच श्वसन करतं, म्हणजे ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साईड सोडतं. तुळस याला अपवाद नाही. काही निवडुंगवर्गीय झाडं रात्री कार्बन डायऑक्साईड आत घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात. एका माणसाला दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर ऑक्सिजन लागतो. कुंडीतल्या एका रोपाकडून त्याची अपेक्षा करणं म्हणजे पॉवर बँकेवर पिठाची गिरणी चालवणं.

दुसरी: पानात पारा. पारा हे मूलद्रव्य आहे आणि कुठलंही झाड मूलद्रव्य तयार करू शकत नाही. मातीत असेल तेच मुळातून वर येणार. मातीत पारा असलाच तर मग मेथी आणि पालकही सोडावे लागतील. पान चावायचं नाही, गिळायचं, ही प्रसादाचा मान राखायची रीत आहे. ती पाळायची तर जरूर पाळा, त्यासाठी पाऱ्याचा आधार लागत नाही. थायलंडमध्ये तर हीच तुळस मिरची-लसणासोबत परतून भाताबरोबर खातात, 'पॅड क्रपाव' म्हणतात त्याला. तिथे ती रोजची भाजी.

तिसरी: दारात तुळस, घरात डास नाही. तुळशीचं तेल काढून अंगाला लावलं तर डास काही वेळ लांब राहतात, हे खरं. पण तेल ग्रंथीत बंद असताना कुंडी नुसती उभी राहून डास हाकलत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर डास तिथेच अंडी घालतात. तुळशीच्या कुंडीखालची ताटली आजच उचलून बघा.

यातूनच चौथ्या भांगेवर येतो, जी सगळ्यात विषारी आहे.

डेंग्यू आणि काढा

डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती. तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आता आपल्या भागाचा विचार करा. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी त्याहून जास्त दिवस साठलं की आपण पाणी जपतोय आणि त्यात डासही. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. पुढचं पाणी कधी येईल ते माहीत नसताना बॅरल ओतून द्यायला जीव होत नाही, हेही खरं. मग निदान तोंडाला कापड घट्ट बांधा, रिकामं झालं की आतून घासून मगच पुन्हा भरा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. वापरायच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

आता ताप आला असं धरा. डेंग्यूच्या विषाणूवर थेट मारा करणारं औषध आज डॉक्टरांकडेही नाही. उपचार म्हणजे तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी-पातळ पदार्थ आणि सगळ्यात महत्त्वाचं, लक्ष ठेवणं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या टाळायच्या, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. इथे कुणी म्हणेल, 'औषधच नाही तर काढा काय वाईट?' काढा विष नाहीच. एक कप प्यायल्याने काही होत नाही. नुकसान होतं ते काढ्याच्या भरवशावर थांबण्याने.

डेंग्यूमध्ये एक फसवा टप्पा असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरच्यांना वाटतं काढा लागू पडला. नेमक्या याच वेळी काही रुग्णांमध्ये रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपायला लागतो आणि रक्तदाब पडू शकतो. म्हणून ताप उतरताना पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप, खूप सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखान्यात जायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. या भागात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढा परिच्छेद ठेवा. फॉरवर्ड करायचंच असेल तर हा करा.

माझी आजी रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. तिला मी हा फॉरवर्ड वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुळस दारात पायजेच की रं. पर दवाखानाबी गावात पायजे." तिला ही भांग ओळखायला माझ्या पॉडकास्टची गरज पडली नाही.

अभ्यास काय म्हणतात

'सायन्सने सिद्ध केलंय' असं फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं, त्याचं काय? बरेचदा मूळ प्रयोग असा असतो: काचेच्या बशीत जिवाणू वाढवले, त्यांवर तुळशीचं तेल किंवा अर्क टाकला, जिवाणू मेले. प्रयोग खरा असतो. पण बशीत अर्क थेट जिवाणूवर पडतो. पोटात गेलेला काढा पातळ होतो, पचतो, यकृतातून जातो, आणि मग रक्तात किती उरतं हा वेगळाच प्रश्न. आमच्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉपवर चाललेला कोड आणि लाखो लोक वापरतात तो सर्व्हर, यात जेवढं अंतर तेवढं हे अंतर.

माणसांवरही अभ्यास झालेत. २०१७ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तुळशीवरचे माणसांवर केलेले चोवीस अभ्यास एकत्र तपासले. रक्तातली साखर, ताणतणाव, प्रतिकारशक्ती अशा बाबतींत अनुकूल निकाल दिसले आणि गंभीर दुष्परिणामांची नोंद नव्हती. पण अभ्यास एकमेकांपासून खूप वेगळे होते. मात्रा वेगळी, कालावधी वेगळा, बरेच छोटे. त्यामुळे 'आशा आहे, अजून तपासायला हवं' एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सुचवला त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक असं प्रमाण होतं. तोही प्रतिकारशक्तीला आधार म्हणून सुचवलेला होता.

आणि तुळशीचा परिणाम होतो असं मानायचं, तर मग सावधपणाही आलाच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रोज तुळशीचा अर्क घेतला तर साखर जास्त उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना अर्काबद्दल आधी सांगा. गरोदरपणात चहातली दोन-चार पानं वेगळी आणि बाटलीतला घट्ट अर्क वेगळा, अर्क विचारल्याशिवाय नको. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' आणि 'सगळे रोग बरे करतं' ही दोन वाक्यं एकाच बाटलीवर असतील तर त्यातलं निदान एक खोटं आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदीच आहे, ते पानाफुलाचं औषध असलं तरी.

फॉरवर्ड आला की तीन प्रश्न

भांग ओळखायला मी तीन प्रश्न वापरतो. एक, कुठली तुळस, आणि पान, बी की अर्क? दोन, किती, आणि किती दिवस? तीन, हे ऐकून मी थांबलो तर काय बिघडेल? खोकल्याच्या काढ्यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'फारसं काही नाही' असं येतं, मग खुशाल घ्या. डेंग्यूच्या फॉरवर्डमध्ये उत्तर 'माणूस जाऊ शकतो' असं येतं. तिथे पुढे पाठवायचं नाही, आणि ज्या काकांनी पाठवलंय त्यांना ग्रुपवर न खेकसता वेगळा फोन करून सांगायचं.

जाता जाता कुंडीबद्दल. तुळस वर्षभर हिरवी ठेवायची असेल तर मंजिरी वेळच्या वेळी खुडा, नाहीतर रोप सगळी ताकद बियांत घालतं आणि पानं बारीक होतात. ऊन भरपूर द्या, मुळाशी पाणी तुंबू देऊ नका. थंडीत ती मरगळते, तेव्हा पाणी कमी करा. दोन-चार मंजिऱ्या मात्र झाडावरच वाळू द्या आणि त्यांचं बी कागदात बांधून ठेवा. मे संपताना पेरलं की पावसाळ्यात रोपं शेजाऱ्यांना वाटण्याइतकी होतात.

तुमच्या ग्रुपवर तुळशीबद्दल आणखी काही फिरत असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात निवडून बघू. पुढच्या वेळी विषय मरवा आणि गजरा. तोवर बॅरलला कापड बांधा, ताटलीतलं पाणी ओता. भेटू.